गीतकार शेखर तिडके

नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागायच्या आधीच शेखर तिडकेच्या मोबाइलवर सुट्ट्यांची यादी येऊन पडायची. ती पाठवायची स्नेहल. गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षमळ्यात एक रिसॉर्ट होतं, तिथली ती मॅनेजर. सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली की तिथं तीन दिवस मुंबईच्या गाड्यांची रांग, होळी सोमवारी आली की तीन दिवस रंग. लोकांना सुट्टी असली की शेखरला काम, आणि लोक कामावर परतले की शेखर घरी. गेली सात वर्षं असंच चाललं होतं. दिवाळीला झब्बा, होळीला पांढरा सदरा, पंधरा ऑगस्टला गळ्यात तिरंगी उपरणं आणि नाताळला लाल टोपी. टोपी रिसॉर्टची. कार्यक्रम संपला की काउंटरवर परत द्यायची.

फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेलं असे, ‘लाइव्ह म्युझिक – शेखर’. आडनाव नाही. आडनाव लावलं की माणूस ऑर्केस्ट्रावाला वाटतो, असं तिथल्या जाहिरातवाल्या पोरीनं सांगितलं होतं. शेखरनं मान डोलावली होती.

एके काळी याच नाशकातल्या कॉलेजांमध्ये नुसतं ‘तिडके आलाय’ म्हटलं तरी पोरं खुर्च्या सोडून पुढं यायची. शेखर मखमलाबादचा. वडील भिमाजी कोथिंबीर, मेथी आणि बांधाच्या कडेनं शेवंती काढायचे. आई लंकाबाई तो माल घेऊन बाजारात बसायची. पोराचा आवाज घरात कुणाला सोसत नसे. मळ्याच्या या टोकाला त्यानं हाक मारली की त्या टोकाला पंप चालू असतानाही ऐकू जायची. या आवाजाचं काय करायचं असतं हे त्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, कारण होस्टेलवर शेजारच्या खोलीत दत्तू सांगळे राहायला आला.

दत्तू लासलगावचा. त्याचे वडील सावळीराम तिथल्या मार्केट यार्डात हमाल होते. दत्तूला बादली, ताट, लोखंडी खाट, जे हाताला लागेल ते वाजवायची सवय, आणि वाजवून झालं की वहीच्या मागच्या पानांवर तो काहीतरी लिहीत बसायचा. विचारलं की वही मिटायचा. एकदा तो आंघोळीला गेला असताना शेखरनं ती वही उघडली आणि त्यातल्या ओळी मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. म्हणता म्हणता त्या गाणंच झाल्या. दत्तू ओल्या अंगानं दारात येऊन उभा राहिला. शेखरला वाटलं आता हा मारणार. पण दत्तूनं दाराच्या फळीवर ठेका धरला.

त्यातून ‘उभा कातळ’ हा बँड निघाला. गिटार आणि बेसला आणखी दोघं मिळाले, पण बँड होता तो शेखरच्या गळ्याचा आणि दत्तूच्या हाताचा. मराठीत रॉक म्हणजे काय, हे त्या वेळी नाशकात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. यांचं पहिलं गाणं ऐकून एका प्राध्यापकांनी आवाज कमी करायला शिपाई पाठवला होता. पण ‘लिलाव’ आलं आणि सगळं पालटलं. मार्केट यार्डात कांद्याची बोली चढतेय, शेटजी आणि अडत्या आपापल्या कामात आहेत, आणि गोणी उचलणारा हमाल मध्येच तोंड उघडतो:

माल तोलला, भाव बोलला,
पावती फाडली शेटजीनं,
गोणी गेली सातशेला –
गोणीखालचा माणूस कितीला?

शेवटचा शब्द शेखर असा ताणायचा की गळ्याच्या शिरा लांबून दिसाव्यात. दत्तूचा ढोल एकदम थांबायचा. त्या शांततेत समोरची गर्दी शब्द परत फेकायची. कितीला? कितीला?

लासलगावच्या कॉलेजात गॅदरिंगला हे गाणं झालं तेव्हा सावळीराम मांडवाच्या मागं चार हमालांसोबत उभे होते. गाणं संपल्यावर त्यांनी दत्तूला बाजूला घेतलं आणि विचारलं, “हे तू माझ्यावर लिवलंय का रं?” दत्तूनं होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं ते सगळ्या यार्डात सांगितलं. एक अडत्या चिडलाही. शेखरनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

नंतर मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. त्यांना बँड नको होता. “बँड चालत नाही, चेहरा चालतो,” कंपनीचा माणूस म्हणाला. शेखरनं दोन दिवस मागितले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बस पकडली. वादक कंपनीचे, स्टुडिओ कंपनीचा, गाणी त्याची. सही करताना एक फॉर्म समोर आला. त्यात गायक, संगीतकार, गीतकार असे रकाने होते. “गीतकार दुसरा असेल तर त्याची सही लागेल,” टेबलामागची बाई म्हणाली. शेखरनं दत्तूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. त्याच आठवड्यात सावळीरामांच्या पाठीवर मालाची थप्पी कोसळली होती आणि दत्तू त्यांना घेऊन दवाखान्यात होता, हे शेखरला नंतर कळलं. त्या दिवशी त्याला एवढंच दिसत होतं की बाई पेनचं टोपण लावते आहे. त्यानं तिन्ही रकान्यांत आपलं नाव लिहिलं. मागाहून दुरुस्त करू, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता.

‘लिलाव’ एक हंगामभर टीव्हीवर गाजलं. गाणं सुरू झालं की खालच्या कोपऱ्यात अक्षरं यायची. गीतकार शेखर तिडके. पहिल्या मुलाखतीत निवेदिकेनं विचारलं, “हे शब्द तुम्हाला कसे सुचले?” तेव्हा तो अडखळला आणि पाणी प्यायला. दुसऱ्या वेळी अडखळला नाही. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत त्याचं एक छान वाक्य तयार झालं होतं: “लासलगावच्या यार्डात एका हमालाच्या पाठीकडे बघत मी तासभर उभा होतो, आणि गाणं माझ्याकडं चालत आलं.” लोकांना हे वाक्य आवडायचं. त्यालाही आवडायला लागलं.

दुसऱ्या अल्बमला शब्द नव्हते. शेखरनं स्वतः लिहून पाहिले. कंपनीच्या माणसानं कागद वाचून घडी घालून परत दिला आणि विचारलं, “पहिल्यासारखं का होत नाहीये?” वर्षभरात कंपनीनं फोन घेणं सोडलं. शेखर नाशकात परतला, तोवर बँडमधला गिटारवाला परदेशी गेला होता, बेसवाला ओझरच्या विमान कारखान्यात चिकटला होता आणि दत्तूचा नंबर बदलला होता. निदान शेखर सगळ्यांना असंच सांगायचा. लासलगाव काही सातासमुद्रापार नव्हतं. सकाळची बस धरली तर जेवायला परत घरी येता आलं असतं.

पुढं जे होतं ते झालं. ओझरला मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन, वणीला नवरात्रात देवीची गाणी, लग्नांमधलं संगीत, गणपतीत मंडळांचे मांडव. दरवर्षी स्टेज थोडं बुटकं आणि थोडं अरुंद होत गेलं. शेवटी स्टेज गेलं आणि हिरवळीवर एक चटई, दोन स्पीकर आणि एक लॅपटॉप उरला. वाजवणारं कुणीच नव्हतं. बटण दाबलं की तयार ट्रॅक सुरू व्हायचा, त्यावर शेखर गायचा. बायको चैताली शाळेत शिकवायची, घर तिच्यावर चालायचं. ‘उभा कातळ’च्या पहिल्या दिवसांपासून ती गर्दीत असायची. ते शब्द कुणाचे हे तिला माहीत होतं. लग्नानंतर एकदाच ती म्हणाली, “एकदा जाऊन सांगून टाक त्याला. काय व्हायचं ते होऊ दे.” शेखर म्हणाला, “बघू.” त्यानंतर ती त्याच्या कार्यक्रमांना येईनाशी झाली, आणि का येत नाहीस असं त्यानंही कधी विचारलं नाही.

या वर्षी नाताळ बुधवारी आला, तरी रिसॉर्ट भरलं होतं. द्राक्षाच्या ओळींमध्ये टेबलं मांडली होती, तारांवर कागदी चांदण्या लटकत होत्या, आणि एक वेटर दाढी लावून पोरांना गोळ्या वाटत होता. दुपारी साडेबाराला शेखरचा पहिला भाग सुरू झाला. जुनी हिंदी गाणी, दोन कोळीगीतं, नाताळचं एक इंग्रजी गाणं. लोक जेवत होते. दोन टेबलांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला भाग संपायला आला तेव्हा त्याला जेवणाच्या रांगेत एक माणूस दिसला. एक खांदा थोडा खाली, हातात ताट, पायात पांढरे बूट. चेहऱ्याआधी शेखरनं तो खांदा ओळखला. सावळीरामही असेच उभे राहायचे.

गाणं चालू असताना त्याला पळून जाता आलं असतं तर तो गेला असता. पण ट्रॅकला अजून दोन कडवी होती. ती संपेपर्यंत तो माणूस ताट घेऊन थेट त्याच्यासमोर आला होता.

“शेखर ना? बोर्डावर नाव वाचलं मी. म्हटलं, दुसरा कोणी आसंल.”

“दत्तू.”

“वळखलं म्हणायचं.” दत्तू हसला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, मनगटात जाड घड्याळ होतं. त्यानं हाक मारून टेबलावरून बायको-मुलीला बोलावलं. “ही छाया, आमच्या मंडळी. ही वेदिका, यंदा धाव्वीला हाय. हिला नाताळची सुट्टी, म्हटलं चला एक दिवस. आणि हे शेखर. आम्ही पॉलिटेक्निकला एकत्र होतो.”

एवढंच. बँडचं नाव नाही, ढोलाचं नाही. छायानं नमस्कार केला. मुलगी आपल्या फोनमध्ये होती, तिनं वर बघून हसल्यासारखं केलं.

“तू काय करतोस?” शेखरनं विचारलं.

“कांद्याचं खळं हाय आपलं. माल घेतो, निवडतो, गाड्या भरतो. चाललंय.” दत्तूनं आजूबाजूला पाहिलं. “तुझंबी चांगलं चाललंय. जागा मस्त हाय.”

त्याच्या आवाजात टोमणा शोधून शेखरला सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मध्यंतरात दत्तू जेवून पुन्हा त्याच्याकडं आला. द्राक्षवेलींच्या कडेला दगडी कठड्यावर दोघं बसले. समोर धरणाचं पाणी होतं. शेखरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. अठरा वर्षं त्यानं मनातल्या मनात या माणसाशी भांडण केलं होतं, माफी मागितली होती, उलट त्यालाच चार शब्द सुनावले होते. आता तो शेजारी बसून बडीशेप चघळत होता.

“आबा कसे आहेत?” शेखरनं विचारलं.

“गेले. नऊ वर्षं होतील आता. पाठ मोडल्यापासून उठलेच नाय ते. खाटेवरच सगळं.”

“मला कळलं नाही.”

“तुला कसं कळणार.” दत्तूनं तळहातावरची उरलेली बडीशेप तोंडात टाकली. “टीव्ही लावून द्यायचो त्यांना. तुझं गाणं लागलं की मला हाक मारायचे. गाणं सगळं ऐकायचे. त्यांना थोडं वाचता यायचं. मला विचारायचे, दत्तू, खाली नाव दुसऱ्याचं कसं रं? मी सांगायचो, छापणाऱ्याची चूक झालीय आबा, दुरुस्त करणार हायेत.”

शेखरच्या हातातली टोपी वळकटीसारखी झाली.

“दर वेळी विचारायचे. झाली का दुरुस्त?” दत्तू म्हणाला. “मी म्हणायचो, पुढल्या महिन्यात.”

“दत्तू, मी त्या दिवशी तुला फोन लावला होता. दोनदा.”

“लावला असशील.”

“मला खरंच वाटलं होतं की नंतर...”

“सोड ना. आता काय त्याचं.” दत्तू उठला आणि पँट झटकली. “वेदिकाला माहीतबी नाय मी कधी काय वाजवायचो ते. घरी काय बोललोच नाय. चल, तुझा टाइम झाला आसंल.”

तो गेला. शेखर कठड्यावरच बसून राहिला, आणि तिथं त्यानं ठरवलं. दुसऱ्या भागात ‘लिलाव’ म्हणायचं होतंच. ते म्हणायच्या आधी माइकवर सांगायचं की हे शब्द दत्तू सांगळेचे आहेत, तो इथं समोर बसलाय, आणि हे गाणं त्यानं त्याच्या वडिलांवर लिहिलंय. चार वाक्यं. त्यानं ती मनात जुळवली, दोनदा म्हणून पाहिली. छातीवरून काहीतरी सरकल्यासारखं त्याला वाटलं. घरी गेल्यावर चैतालीला कसं सांगायचं हेसुद्धा त्यानं ठरवून टाकलं.

चटईकडं जाताना स्नेहल आडवी आली. “शेखर सर, सात नंबर टेबलवर ठाण्याचा ग्रुप आलाय. त्यांनी आपल्या रीलमध्ये तुमचं ‘कितीला’ पाहिलंय. खास त्याच्यासाठी आलेत म्हणे. आधी तेच घ्या ना. आणि तुम्ही ते सांगता ना सुरुवातीला, यार्डातलं, तेही सांगा. मी शूट करतेय. एकतीसच्या जाहिरातीत टाकू. ओरिजिनल रायटर आपल्याकडं आहे म्हटल्यावर फरक पडतो.”

“हो,” शेखर म्हणाला.

“टोपी, सर.”

त्यानं टोपी उलगडून डोक्यावर घातली.

माइक हातात घेतला तेव्हा ती चार वाक्यं त्याच्या जिभेवर होती. समोर सात नंबरवाल्यांनी आधीच आरडाओरडा सुरू केला होता. स्नेहलचा फोन त्याच्यावर रोखलेला होता. तिसऱ्या ओळीत दत्तू खुर्चीला टेकून बसला होता, शेजारी छाया आणि मुलगी.

“मित्रांनो,” शेखर म्हणाला, “आता जे गाणं म्हणणार आहे, ते माझ्या फार जवळचं आहे.” इथपर्यंत दोन्ही वाक्यं सारखीच होती, खरं आणि रोजचं. पुढं रस्ता फुटत होता. त्यानं दत्तूकडं पाहिलं. आणि त्याच्या गळ्यातून, सातशे वेळा निघून गुळगुळीत झालेलं ते वाक्य आपोआप बाहेर आलं. “लासलगावच्या यार्डात एका हमालाच्या पाठीकडे बघत मी तासभर उभा होतो, आणि गाणं माझ्याकडं चालत आलं.”

टाळ्या पडल्या. आता थांबून ‘थांबा, असं नाही’ म्हणता आलं असतं. एक क्षण तेवढा होता. शेखरनं बटण दाबलं आणि ट्रॅक सुरू झाला.

गाणं चांगलं झालं. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं. ‘कितीला’ आलं तशी सात नंबरची माणसं ग्लास उंचावून ओरडली, मग दुसरी टेबलं ओरडली, मग दाढीवाला वेटर आणि त्याच्याभोवतीची पोरं. कितीला? कितीला? कुणीतरी टेबलावर चढून, खांद्यावर काल्पनिक ओझं घेऊन, वाकून नाचलं. लोक खूप हसले. दत्तू हसला नाही आणि उठलाही नाही. मांडीवर दोन्ही हात ठेवून तो गाणं संपेपर्यंत नीट बसून राहिला.

कार्यक्रम आवरताना ती मुलगी आली. मागून दत्तू सावकाश येत होता.

“काका, एक फोटो घेऊ का तुमच्यासोबत?” वेदिकाचा चेहरा उजळला होता. “ते गाणं तुम्ही लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं. पप्पांनी सांगितलंच नाही. आमच्या वर्गातली मुलंपण म्हणतात ते. मीपण लिहिते, कविता. म्हणजे अजून कुणाला दाखवल्या नाहीत.”

“अच्छा,” शेखर म्हणाला.

“तुम्हाला ती ओळ कशी सुचली? ‘गोणीखालचा माणूस’. गोणी सगळ्यांना दिसते, पण माणसाचा भाव विचारायचं कसं सुचतं?”

शेखरनं मुलीच्या खांद्यावरून दत्तूकडं पाहिलं. दत्तू येऊन दोन हातांवर थांबला होता. कपाळावर आठी नव्हती.

“सांग ना,” दत्तू म्हणाला. “मलाबी ऐकायचंय.”

आजूबाजूला आता स्नेहल नव्हती, सात नंबरवाले नव्हते. नुसते तिघं होते. शेखरनं ओठ ओले केले.

“माझा एक मित्र होता,” तो म्हणाला. “त्याचे वडील लासलगावला हमाल होते. तो त्यांच्याबद्दल बोलायचा. त्याच्या बोलण्यातून ते... आलं.”

“माझे आबापण तिथंच हमाल होते,” वेदिका म्हणाली. “हो ना पप्पा? म्हणजे ते ओळखत असतील त्यांना. तुमचा तो मित्र आता कुठं असतो?”

एक वेटर चांदण्या उतरवायला शिडी घेऊन गेला. त्याला वाट द्यायला तिघंही थोडे सरकले.

“माहीत नाही,” शेखर म्हणाला. “नंतर काही संपर्क राहिला नाही.”

दत्तूनं मुलीच्या हातातून फोन घेतला. “उभं राहा इथं. ऊन मागं येतंय, जरा इकडं सरका.” त्यानं फोन आडवा धरला, उभा धरला. “शेखर, टोपी नीट कर. वाकडी झालीय.”

शेखरनं टोपी नीट केली. दत्तूनं तीन फोटो काढले, मुलीला दाखवले, तिनं एक पसंत केला. ती आईला दाखवायला पळाली.

आता तरी हा काहीतरी बोलेल, म्हणून शेखर थांबला. शिवी दिली असती तरी त्यानं ती डोक्यावर घेतली असती. दत्तू लॅपटॉपकडं, स्पीकरच्या वायरींकडं बघत होता.

“तू ठेका सोडून पळतोस,” तो म्हणाला. “ट्रॅकच्या पुढं जातोस. दुसऱ्या कडव्यापासनं सगळंच पुढं. मागं वाजवणारं कोणी आसलं की सांभाळून घेतंय. मशीन कसं सांभाळंल?”

“दत्तू...”

“चल, छाया थांबलीय. चार वाजता निघायचंय, उद्या माल यायचाय.” त्यानं शेखरच्या दंडावर हलकेच थाप मारली आणि तो द्राक्षाच्या ओळीतून पार्किंगकडं गेला. मोबाइल नंबर त्यानं मागितला नाही, दिलाही नाही.

वायरी गुंडाळून झाल्यावर शेखर काउंटरवर गेला. स्नेहल खुशीत होती. व्हिडिओ टाकून झाला होता. “एकतीसला दोन भाग करू सर, आणि दोन्हीत ‘कितीला’. चालेल ना?”

“चालेल.”

“खाली लिहिलंय मी, गीतकार शेखर तिडके. या वेळी आडनावासकट टाकलंय. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का बघून घ्या.”

तिनं फोन पुढं केला. पडद्यावर तो गात होता, भोवती ग्लास उंचावलेले हात होते. शेखरनं आवाज मोठा करायला सांगितलं आणि कान देऊन ऐकलं. पहिलं कडवं जागेवर होतं. दुसऱ्यापासून तो खरंच पुढं पळत होता, अर्धा ठोका, मग पाऊण. ‘कितीला’पर्यंत तर मागचं संगीत त्याला गाठायला धावतंय असं वाटत होतं. इतकी वर्षं तो असाच गात आला होता, आणि नाशकात, वणीत, ओझरला, इथं, कुणीही त्याला हे सांगितलं नव्हतं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.